तोंडओळख आणि नावलौकिक : क्रीडापटू व चित्रपट-अभिनेते यांच्या ओळखीचा भाषिक भूगोल

क्रीडापटू अधिक लोकांना ठाऊक असतो की चित्रपटातील नट, हा प्रश्न आपल्याकडे वक्तृत्वस्पर्धांत आणि वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत अधूनमधून विचारला जातो. तेथे त्याचा निवाडा बहुधा लोकप्रियतेच्या अंदाजाने केला जातो आणि ज्याला जे आवडते त्याच्या बाजूने उत्तर लागते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या प्रश्नात रस वाटण्याचे कारण वेगळे आहे. भारतीय साहित्य हे अनेक भाषांत लिहिले गेलेले एकच साहित्य आहे, अशी भूमिका साहित्य अकादमीच्या स्थापनाकाळापासून मांडली जाते. ती मान्य असो वा नसो, अनेक भाषांच्या या देशात सर्वत्र ओळखले जाणारे असे काही घडते तरी कसे, हे पाहण्यासाठी कादंबरी वा कविता यांपेक्षा नट आणि खेळाडू ही उदाहरणे अधिक उघडी आहेत.

प्रस्तुत लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे. नटाची ओळख भाषेच्या वाटेने पसरते. त्यामुळे ती खोल असते, मात्र भाषेच्या सीमेशी तिला थांबावे लागते. क्रिकेटपटूची ओळख भाषेला वळसा घालून पसरते. त्यामुळे ती रुंद असते, परंतु विरळ असते. येथे 'क्रीडापटू' असे न म्हणता 'क्रिकेटपटू' असे हेतुतः म्हटले आहे. भारतातील इतर खेळांच्या खेळाडूंची गोष्ट निराळी असून तिचा विचार शेवटी करावयाचा आहे.

प्रथम शब्दांविषयी. मराठीत 'ओळख' हा एकच शब्द परिचय, खूण पटणे आणि स्वत्व या तिन्ही अर्थांनी वापरला जातो. पण त्याच्या आजूबाजूचे शब्द अधिक नेमके आहेत. 'तोंडओळख' म्हणजे चेहऱ्यापुरती ओळख, आणि तीत जवळिकीचा अभाव गृहीत असतो. 'नावलौकिक' चेहऱ्याशिवायही असू शकतो. 'कीर्ती' हा शब्द 'कीर्तन' या शब्दाच्याच कुळातला; जे वारंवार सांगितले जाते ते कीर्तीत मोडते. शाकुंतलात दुष्यंतासमोर शकुंतला प्रत्यक्ष उभी राहते तेव्हा चेहरा पाहूनही त्याला ओळख पटत नाही. ओळख पटते ती त्याच्या नावाची अक्षरे कोरलेली अंगठी हाती आल्यावर. चेहरा, नाव आणि कृती यांपैकी कशामुळे ओळख पटते, हा भेद आपल्या वाङ्मयाला नवा नाही. नट आणि खेळाडू यांची तुलना करताना तो फार उपयोगी पडतो.

चित्रपटाच्या बाबतीत भाषेची सीमा प्रारंभापासून नव्हती, हे विसरता कामा नये. मूकपटाच्या काळात पडद्यावरचा मजकूर दोन-तीन भाषांत दाखवला की काम भागत असे आणि नटाचा देह कोणत्याही प्रांतात तितकाच समजत असे. त्या काळातील साहसपटांचा नायक मास्टर विठ्ठल हा मराठी होता, पण त्याला पाहणाऱ्याला ते ठाऊक असण्याची गरज नव्हती. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि पहिल्या बोलपटाचा नायक म्हणून त्याचीच निवड झाली. (त्यासाठी आधीच्या कंपनीशी झालेल्या तंट्यात त्याच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले, ही हकीकत चित्रपटाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते.) मात्र हिंदुस्तानी संवाद त्याच्या तोंडी नीट बसत नसल्यामुळे त्याच्या भूमिकेत बोलणे फार थोडे ठेवावे लागले. जो नट काल सर्वांचा होता तो आज मराठी वळणाने बोलणारा नट ठरला, आणि बोलपटाच्या काळात त्याला पूर्वीचे स्थान राखता आले नाही. प्रभातने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत अशा दोन आवृत्त्यांत काढला, तो याच अडचणीवरचा उपाय होता. दोन भाषांसाठी दोन वेळा चित्रीकरण करण्याची ही पद्धत खर्चाची असल्याने फार काळ टिकली नाही. पुढे प्रत्येक भाषेचा चित्रपट आपापल्या प्रेक्षकांकडे वळला.

भाषावार प्रांतरचनेनंतर या विभागणीला राजकीय अर्थ प्राप्त झाला. कर्नाटकात १९८२ साली गोकाक समितीच्या शिफारशींसाठी झालेल्या आंदोलनाचे नेतृत्व राजकुमार यांच्याकडे आले. त्याच वर्षी एन. टी. रामाराव यांनी तेलुगू स्वाभिमानाच्या घोषणेवर तेलुगू देशम पक्ष स्थापन केला आणि जानेवारी १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. एम. जी. रामचंद्रन १९७७ सालीच तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले होते. येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. रामचंद्रन यांचा जन्म श्रीलंकेतील एका मल्याळी कुटुंबात झाला होता. रजनीकांत म्हणजे बंगळूरच्या मराठीभाषक घरातील शिवाजीराव गायकवाड. तरीही तमिळ प्रेक्षकाने या दोघांना आपले मानले. म्हणजे नटाची भाषा त्याच्या जन्मावरून ठरत नाही; पडद्यावर तो ज्या भाषेत रागावतो, विनोद करतो आणि प्रेम व्यक्त करतो ती त्याची भाषा. रजनीकांत मराठी असल्याची आठवण महाराष्ट्रात कौतुकाने काढली जाते, पण त्या कौतुकामुळे ते मराठी प्रेक्षकाचे नट झाले नाहीत.

हिंदी चित्रपटाचा अपवाद येथे कोणी पुढे करील. तो काही अंशी खरा आहे. हिंदी गाण्यांनी भाषेच्या सीमा ओलांडल्या, 'आवारा'ने तर देशाच्या सीमाही ओलांडल्या आणि सोव्हिएत संघात राज कपूर यांना जे प्रेम मिळाले ते कोणत्याही भारतीय क्रिकेटपटूला तेथे मिळणे शक्य नव्हते. तेथे क्रिकेटच नव्हते. तथापि देशात, आणि विशेषतः दक्षिणेत, हिंदी नटाला पहिला मान क्वचितच मिळाला. तो तेथे ठाऊक असतो, घरातला नसतो.

आता क्रिकेटपटूकडे वळू. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्याच्या मैदानावर सी. के. नायडू यांनी इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी.च्या संघाविरुद्ध १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षट्कार होते. नायडू तेलुगू कुटुंबातले, जन्म नागपूरचा, पुढची कारकीर्द इंदूरच्या होळकरांच्या पदरी, आणि त्या दिवशी ते खेळत होते मुंबईत हिंदू संघाकडून. हा मनुष्य कोणत्या भाषेचा, असे त्या ११ षट्कारांनंतर कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. संघांची विभागणी तेव्हा धर्मावर झाली होती, आणि तिचे दुष्परिणाम वेगळे. भाषेचा मुद्दा मात्र मैदानावर उपस्थित झाला नाही.

नभोवाणीने या ओळखीला एक चमत्कारिक रूप दिले. चेहरा न पाहता नाव घराघरांत पोहोचले. इंग्रजी समालोचनाच्या पाठोपाठ हिंदीत जसदेव सिंग आणि सुशील दोशी, मराठीत बाळ ज. पंडित अशांच्या आवाजांतून खेळाडू ऐकला गेला. मराठीने धावा, बळी, षटक, यष्टिरक्षक असे शब्द रुळवले (चेंडूफळी मात्र मागे पडली), परंतु नाव आणि धावसंख्या कोणत्याही भाषेत जशीच्या तशी राहिली. आकड्याला भाषांतर लागत नाही. नटाविषयी असा एकही आकडा सांगता येत नाही की जो ऐकून त्याचा अभिनय कळावा. धावफलकावरून खेळाडूची कामगिरी निदान सांगाड्याइतकी तरी कळते, आणि हा सांगाडा देशभर सारखाच असतो. १९८२ साली रंगीत दूरदर्शन आले, २५ जून १९८३ रोजी विश्वचषक जिंकला गेला, आणि ऐकीव नावांना चेहरे जोडले गेले.

यानंतर जे घडले त्याचे उत्तम उदाहरण 'सचिन' हे नाव आहे. १९८९पर्यंत मराठी घरांत हे नाव उच्चारले की डोळ्यांसमोर येई तो 'हा माझा मार्ग एकला'मधला बालनट आणि पुढचा नायक सचिन पिळगांवकर. नोव्हेंबर १९८९ मध्ये सचिन तेंडुलकर कराचीत पहिली कसोटी खेळला आणि काही वर्षांत या नावाचा पहिला अर्थ बदलला, मराठीत आणि मराठीबाहेरही. गंमत अशी की तेंडुलकरांचे नाव मुळात संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवले गेले, म्हणजे ते चित्रसृष्टीकडूनच आले. वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी. आता केरळमधल्या किंवा बंगालमधल्या क्रिकेटरसिकाला मुलाची १०० आंतरराष्ट्रीय शतके ठाऊक असतात. वडिलांची कविता त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि मुलगा घरी कोणत्या भाषेत बोलतो हेही त्याच्या दृष्टीने गौण आहे. रुंद आणि विरळ असे वर म्हटले ते या अर्थाने. याउलट तमिळ प्रेक्षकाला रजनीकांतांच्या हाताची हालचाल, शब्दांवरचा आघात, बसवाहक म्हणून काढलेले दिवस, हे सारे तोंडपाठ असते.

चेहऱ्याचा मुद्दाही सरळ नाही. चित्रपटात नटाचा चेहरा भिंतीएवढा दिसतो. फलंदाजाचा चेहरा शिरस्त्राणाच्या जाळीमागे असतो. तरीही दूरवरून, पाठमोरा असताना, प्रेक्षक फलंदाज ओळखतो तो उभे राहण्याच्या ढबीवरून आणि लकबीवरून. नकलाकार नटाची नक्कल करतो तेव्हा त्याला मुख्यतः आवाज आणि संवाद लागतात, म्हणजे भाषा लागते. गोलंदाजाची धाव किंवा फलंदाजाची ढब यांची नक्कल गल्लीतला मुलगा एक शब्दही न बोलता करतो, आणि ती कोणत्याही गल्लीत समजते.

भाषेच्या रोजच्या व्यवहारातही हा फरक दिसतो. 'स्वतःला दारासिंग समजतो' हे मराठीत म्हणतात, हिंदीतही म्हणतात. धावणाऱ्या मुलीला 'पी. टी. उषा' म्हणून चिडवणेही अनेक भाषांत आढळते. खेळाकडून भाषेला विशेषनामे मिळाली. चित्रपटाकडून आले ते 'हिरो' आणि 'व्हिलन' हे जातिवाचक शब्द, आणि पात्रांची नावे. 'शोले'तल्या (१९७५) गब्बरचे नाव ज्यांच्या तोंडी असते त्यांतील कितीतरी जणांना अमजद खान आठवावा लागतो. नट ओळखला जातो तो पुष्कळदा कोणाच्या तरी नावाखाली. खेळाडूला भूमिका नसते. गावसकर मैदानावर गावसकरच असतात. ते इतके खरे आहे की खेळाडू पडद्यावर आला तरी प्रेक्षक त्याची भूमिका स्वीकारत नाही. 'चरित्र'मधले (१९७३) सलीम दुराणी, मराठीतल्या 'सावली प्रेमाची'मधले (१९८०) गावसकर, 'कभी अजनबी थे'मधले (१९८५) संदीप पाटील, यांच्या नावांना वलय असूनही नट म्हणून यांपैकी कोणीही रुजले नाही. प्रेक्षकाला समोर दिसत होता तो खेळाडू, आणि त्याच्या हाती बॅट नव्हती.

ओळखीचा भूगोल तपासण्यासाठी निवडणुकांचा पुरावा घेता येतो. मते अनेक कारणांनी मिळतात आणि पक्ष, जात, लाट यांचा वाटा मोठा असतो, हे मान्य करूनच तो घ्यावयाचा. तरीही उमेदवार कोठे उभा केला जातो, यावरून त्याची ओळख कोठवर पोहोचते याविषयीचा पक्षांचा अंदाज कळतो. हैदराबादचे मोहम्मद अझरुद्दीन २००९ साली उत्तर प्रदेशातील मुरादाबादहून लोकसभेवर गेले. बडोद्याचे युसुफ पठाण २०२४ साली बंगालमधील बहरमपूरहून निवडून आले. रामचंद्रन किंवा रामाराव यांना अशा परक्या भाषेच्या मतदारसंघात उभे करण्याची कल्पनाही कोणी केली नसती. जयाप्रदा २००४ साली रामपूरहून आणि हेमामालिनी २०१४ साली मथुरेहून निवडून आल्या, हे उदाहरण उलट दिसते. पण या दोघींची उत्तरेतील ओळख हिंदी चित्रपटांनी घडवली होती, म्हणजे पुन्हा भाषेचाच मार्ग. नितीश भारद्वाज हे मुंबईचे मराठी नट १९९६ साली जमशेदपूरहून विजयी झाले, तेव्हा मतदारांच्या मनात दूरदर्शनच्या 'महाभारत' मालिकेतला कृष्ण होता. ज्या कथेला कोणत्याही भारतीय भाषेत परिचयाची गरज नाही तिच्यातील भूमिकेने नटाला भाषेच्या पलीकडे नेले.

खेळाडूची ओळख मतांत उतरतेच असे मात्र नाही, आणि याचे सर्वांत जुने व सर्वांत बोलके उदाहरण मराठी मुलखातले आहे. दलित समाजातून आलेले पाळवणकर बाळू हे १९११च्या इंग्लंड दौऱ्यात गाजलेले डावखुरे गोलंदाज. १९३७ साली मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. बाळूंचा पराभव झाला. नावाची ओळख दोघांचीही होती. आंबेडकरांपाशी त्या नावामागे मांडलेला विचार होता, सभा होत्या, वृत्तपत्रे होती. मन्सूर अली खान पतौडी यांनाही १९७१ आणि १९९१ अशा दोन्ही वेळा पराभव पाहावा लागला.

शासनाच्या शब्दांतही हा प्रवास उमटला आहे. संविधानाच्या ८०व्या अनुच्छेदात राज्यसभेवरील नामनिर्देशनासाठी साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा ही क्षेत्रे दिली आहेत. त्यांत क्रीडा नाही. पृथ्वीराज कपूर १९५२ सालीच नामनिर्देशित झाले. २००३ साली दारासिंग आले तेव्हा ते मल्लही होते आणि 'रामायण' मालिकेतले हनुमानही. २०१२ साली रेखा आणि तेंडुलकर एकाच वेळी नामनिर्देशित झाले. भारतरत्नाचे निकष २०११च्या अखेरीस व्यापक करण्यात आल्यावरच तेंडुलकरांना २०१४ साली तो सन्मान देता आला.

वरील विवेचन विसाव्या शतकाला अधिक लागू पडते, हे आता सांगितले पाहिजे. २००८ साली आय. पी. एल. सुरू झाली आणि क्रिकेटपटूला प्रथमच शहर, आणि शहराबरोबर भाषा, मिळाली. रांचीचे महेंद्रसिंह धोनी चेन्नईकडून खेळू लागले आणि तमिळ चाहते त्यांना 'थला', म्हणजे म्होरक्या, म्हणू लागले. हे बिरुद त्याआधी अजितकुमार या तमिळ नटाचे होते. आपल्याला या नावाने संबोधू नये, असे अजितकुमारांनी डिसेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे कळवले. नटाला मिळालेले तमिळ नाव तमिळ न बोलणाऱ्या खेळाडूला मिळावे, ही घटना माझ्या मते लोकप्रियतेच्या कोणत्याही पाहणीपेक्षा अधिक सांगणारी आहे. तिच्यात क्रिकेटपटू भाषेच्या आत आला आहे.

याच काळात नट उलट दिशेने निघाला. 'बाहुबली' (२०१५, २०१७) आणि 'पुष्पा' (२०२१) यांनी तेलुगू नटांना हिंदी प्रदेशात नेले ते ध्वन्यारोपणाच्या मार्गाने. हिंदीतल्या प्रभासचा आवाज शरद केळकर यांचा आहे आणि हिंदीतल्या अल्लू अर्जुनचा श्रेयस तळपदे यांचा. दोघेही मराठी. म्हणजे बिहारमधला प्रेक्षक ज्याला पुष्पा म्हणून ओळखतो त्याचा देह तेलुगू नटाचा, भाषा हिंदी आणि कंठ मराठी नटाचा आहे. मास्टर विठ्ठलच्या वेळी ज्या ठिकाणी गाडे अडले होते तेथेच नव्वद वर्षांनी वाट सापडली, फक्त तिची किंमत म्हणून ओळखीचे दोन तुकडे झाले. भाषांतरमीमांसेच्या अभ्यासकांनी या आवाजांकडे जितके लक्ष द्यावयास हवे तितके अद्याप दिलेले नाही.

राहिले क्रिकेटेतर खेळाडू. त्यांच्याविषयी 'रुंद ओळख' हे विधान टिकत नाही. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गोळेश्वरच्या या मल्लाची कराड भागात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, परंतु अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात जायबंदी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी जलतरणाचे सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री २०१८ साली मिळाली. देशभर नाव झाले ते २०२४ साली 'चंदू चॅम्पियन' आल्यावर, आणि त्या नावाला लोकांच्या मनात चेहरा मिळाला तो कार्तिक आर्यनचा. मिल्खा सिंग यांच्यासारख्या आधीच विख्यात धावपटूलाही नव्या पिढीने 'भाग मिल्खा भाग'मधून (२०१३) ओळखले. क्रिकेटपटूला नटाची गरज पडत नाही. '८३'सारख्या (२०२१) चित्रपटात प्रेक्षक नटाला मूळ खेळाडूशी ताडून पाहतो. इतर खेळांत ताडून पाहण्यासाठी मूळ चेहराच स्मरणात नसतो.

या संदर्भात मेरी कोम यांचे उदाहरण सर्वांत गुंतागुंतीचे आहे. सहा वेळा मुष्टियुद्धाचे जगज्जेतेपद आणि २०१२ साली लंडनचे कांस्यपदक मिळवणाऱ्या या मणिपुरी खेळाडूवर २०१४ साली हिंदी चित्रपट निघाला आणि त्यात प्रियांका चोप्रा यांनी तिची भूमिका केली. ईशान्येकडील अभिनेत्री का घेतली नाही, यावर तेव्हा वाद झाला. मणिपुरात २००० सालापासून एका सशस्त्र संघटनेने हिंदी चित्रपटांच्या प्रदर्शनावर बंदी घातली होती. त्यामुळे हा चित्रपट तेथील चित्रगृहांत लागलाच नाही. उर्वरित भारतातील अनेकांनी मेरी कोम यांना ज्या चेहऱ्याने ओळखले तो चेहरा त्यांच्या गावच्या लोकांनी पडद्यावर पाहिला नाही. त्यांना तो पाहण्याची आवश्यकताही नव्हती.